पहारेकऱ्याचा शब्द

"शिरीष, ह्यांना आता एकच शब्द बोलता येतो," कुमुदकाकू म्हणाल्या, "आणि तोही त्यांचा सगळ्यांत नावडता."

मी दुकानात एका चष्म्याच्या फ्रेमला काच बसवत होतो. हात तसाच थांबला. काकू दवाखान्यातून थेट आल्या होत्या, हातात थर्मासची पिशवी होती. विसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी मसूरकर सरांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला आणि वाचा बसली, इथपर्यंत मला ठाऊक होतं.

"कुठला शब्द, काकू?"

"आपलं."

मला हसू आलं आणि लगेच लाज वाटली. पण बघतो तर काकूही हसत होत्या, आणि हसता हसताच त्यांनी पदराने डोळे टिपले.

"पाणी हवं असलं तरी आपलं, नको असलं तरी आपलं. डॉक्टर म्हणतात, सगळे शब्द आत अडकलेत, पण सवयीचा एखादा असा बाहेर राहून जातो. मी म्हटलं, अहो, ह्यांच्या सवयीचा कुठला? लोकांच्या सवयीचा होता तो. हे तर आयुष्यभर त्याच्या मागे काठी घेऊन लागले होते."

काकूंचं खोटं नव्हतं. ह्या सगळ्याला आता पुष्कळ वर्षं झाली, दुकान माझी मुलगी बघते, पण सरांच्या घराची पायरी पहिल्यांदा चढलो तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. सर कऱ्हाडला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वर्गात चार टाळकी आणि घरच्या ओसरीवर ही गर्दी, अशी त्यांची ख्याती. आमच्या हौशी नाटकमंडळींचेही तेच आधारस्तंभ. मला नाटकात काम हवं होतं, पण तसं सरळ सांगायचा धीर नव्हता. म्हणून म्हणालो, "सर, आपलं सहज आलो होतो."

सरांनी पेपर खाली केला आणि चष्म्यावरून बघितलं.

"आपलं? कोणाचं?"

"नाही म्हणजे... सहज."

"सहज आलात ते उत्तम. आपलं कोणाचं? तुमचं का माझं? तेवढं ठरवा आणि मग आत या."

मी पायरीवर खुळ्यासारखा उभा. शेवटी काकूंनी चहाचा कप पायरीवरच आणून दिला आणि म्हणाल्या, "तू ये रे आत. ह्यांनी दूधवाल्यालासुद्धा असंच उभं केलं होतं, दूध नासलं."

आपण मराठी माणसं 'आपलं' घातल्याशिवाय चार वाक्यं बोलू शकत नाही. मी आपला गेलो, त्याने आपलं विचारलं, म्हटलं आपलं बघावं. सरांना ते सहन व्हायचं नाही, आणि त्याचं कारण होतं दोन हजार वर्षांपूर्वीचं. ग्रीसमधले आणि रोममधले स्टोइक नावाचे विचारवंत हे सरांचं दैवत. "स्टोआ म्हणजे ओसरी," सर सांगायचे. "अथेन्समध्ये एका ओसरीवर बसून ही मंडळी शिकवायची, म्हणून त्यांचं नाव पडलं ओसरीकर. आपल्याकडे असते तर आडनावच झालं असतं." मग ते उजवा हात पुढे करायचे आणि मूठ मिटायचे. "मी काय ठरवतो, कसा वागतो, मनात काय धरून बसतो, हे आपलं." मग मूठ उघडायची. "शरीर, नाव, टाळ्या, पाऊस, परीक्षक. हे आपलं नव्हे. मिळालं तर आनंदाने घ्यावं, गेलं तर जाऊ द्यावं. ह्या दोहोंत गल्लत झाली की माणूस रडत बसतो. आणि इतक्या मोलाच्या शब्दाचा तुम्ही लोक भुगा करता."

मी एकदा आगाऊपणाने विचारलं होतं, "आणि काकू कशात, सर? मुठीत का तळहातावर?"

"विचार, विचार," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मलाही एकदा कळू दे."

सरांनी तळहात उघडा केला, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं आणि आवाज जरा चढवून म्हणाले, "मिळालं तर आनंदाने घ्यावं, म्हटलं ना."

झटका आला त्या वर्षी सरांनी 'हद्दपार' नावाचं नाटक लिहिलं होतं. रोममधला थेऑन नावाचा म्हातारा शिक्षक, एके काळचा गुलाम. बादशहाचं फर्मान निघतं की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी शहर सोडावं. शेवटच्या प्रवेशात अधिकारी दारात येऊन सांगतो, "तुझं जे काही असेल ते उचल आणि नीघ," आणि त्यावर थेऑन बोलतो, ते नाटकाचं सार. ते बोलणं सुरूच व्हायचं 'आपलं' ह्या शब्दाने. थेऑनचं काम सरांचं, अधिकारी मी. दिग्दर्शन नसीर मुल्लाचं. नसीर पाटबंधारे खात्यात होता आणि तालमीला कुणी उशिरा आलं की धरणाचे दरवाजे उघडल्यासारखा सुटायचा.

सांगलीला होणाऱ्या राज्य नाट्य स्पर्धेत सरांनी आजवर दुसऱ्यांच्या नाटकांतून कितीतरी कामं केली होती. स्वतः लिहिलेलं नाटक पहिल्यांदाच उभं राहत होतं. "हे एकदा रंगमंचावर बघितलं की झालं," असं ते म्हणायचे आणि लगेच विषय बदलायचे. टाळ्या उघड्या तळहातावर ठेवणाऱ्या माणसाची ही एवढी एक हौस होती, आणि आम्ही सगळे ती ओळखून होतो.

सर दवाखान्यात असतानाच नसीरने सगळ्यांना बोलावलं.

"नाटक मागं घ्यायचं नाही," तो म्हणाला. "सरांचं आहे ते. शिऱ्या, थेऑन तू कर. अधिकाऱ्याचं मी बघतो."

"आरं, सरांच्या जागी मी?"

"मग काय दुसरा मागवू सांगलीहून? वाक्यं तुला पाठ आहेत. झालं तर मग."

खोटं कशाला सांगू, भीती वाटली आणि त्या भीतीच्या शेजारी थोड्या गुदगुल्याही झाल्या. मुख्य भूमिका मला कधी मिळाली नव्हती.

सर घरी आले, पण ते आमचे सर नव्हते. ओसरीवर यायला तयार नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडायचे. मूठ आणि तळहात दाखवणारा उजवा हात पांघरुणावर नुसता पडलेला. एका दुपारी मी गेलो तर काकू जमिनीवरचा चहा पुसत होत्या आणि कपाचे तुकडे केरसुणीने गोळा केलेले होते.

"कप फेकला," काकू म्हणाल्या. "साखर विचारली, तर आपलं आपलं करत राहिले, मला कळेना, म्हणून चिडले. सगळ्या गावाला शांत राहायला शिकवलं रे ह्या माणसाने."

भिंतीकडून आवाज आला, "आपलं." त्यात इतका हताशपणा होता की मला तिथून पळून जावंसं वाटलं. त्या दिवशी मनात येऊन गेलं की ओसरीवरची ती सगळी शिकवण धडधाकट माणसाची होती, आणि ती सरांच्या आवाजाबरोबरच गेली.

पण तालीम तोंडावर होती आणि मला थेऑन जमत नव्हता. नसीर म्हणाला, "सरांपुढं वाच. निदान कानावर तरी पडेल त्यांच्या." म्हणून मी संहिता घेऊन खाटेशेजारी स्टुलावर बसलो. शेवटचा प्रवेश काढला. सर भिंतीकडेच बघत होते.

"आपलं म्हणून काय उचलू?" मी वाचायला लागलो. "हे घर मी येण्याआधी दुसऱ्याचं होतं, मी गेल्यावर तिसऱ्याचं होईल. हे नाव मालकाने ठेवलं. हे शरीर रोज थोडं थोडं परत मागितलं जातंय..."

पुढची ओळ दिसली आणि माझी जीभ अडखळली. मी पान उलटलं आणि पुढचं वाचायला सुरुवात केली.

"आपलं!"

सरांनी मान वळवली होती. डोळे माझ्यावर रोखलेले.

"सर, पुढचं घेतो. इथं जरा..."

"आपलं!" डाव्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं आणि उलटलेलं पान मागे ओढलं. सबंध नाटक त्यांनीच लिहिलेलं, एक ओळ गाळली तरी त्यांना कळणार नाही असं मला कसं वाटलं कोण जाणे.

"नको रे वाचूस ते," काकू दारातून म्हणाल्या. त्यांनाही ती ओळ ठाऊक होती.

सरांनी मनगट सोडलं नाही. मग मी वाचलं. "माझी जीभ कापलीस तर जीभ जाईल. तीही मला वापरायला मिळाली होती. ती जाताना मी कसा उभा राहतो, तेवढं मात्र आपलं. ते तुझ्या बादशहाला उचलून नेता येणार नाही."

सरांनी बोटाने खूण केली, पुन्हा. मी पुन्हा वाचलं. पुन्हा खूण. त्या वेळी वाचताना ते डोळे मिटून ऐकत होते, आणि आपणच लिहिलेलं वाक्य पहिल्यांदा ऐकावं तसा त्यांचा चेहरा होता. मग त्यांनी डावा हात तोंडाशी नेला आणि तळहात हळूहळू माझ्याकडे उघडला, कुणाला काहीतरी देऊन टाकावं तसा. मग तोच हात छातीवर आणून मूठ मिटली. डाव्या हाताला सवय नव्हती, मूठ वाकडीतिकडी झाली. तिच्याकडे बघून सर हसले. हसू फक्त अर्ध्या तोंडाला आलं, पण ते त्यांचंच होतं.

मग त्यांनी काकूंकडे बघून कप धरल्यासारखी बोटं केली.

"फेकणार नसाल तर देते," काकू म्हणाल्या, आणि आत जाऊन बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

पुढे सर काठी धरून चालायला लागले. दिवाळी झाल्यावर एका संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये तालीम चालू असताना दारात रिक्षा थांबली आणि काकू त्यांना घेऊन आल्या. आम्ही खुर्ची द्यायला धावलो. सर बसले नाहीत. शेवटच्या प्रवेशात अधिकाऱ्याबरोबर एक मुका पहारेकरी येतो आणि दाराशी उभा राहतो. ते काम करणाऱ्याची बदली झाली होती, म्हणून आम्ही तालमीत त्या जागी एक खुर्ची ठेवायचो. सर पाय ओढत त्या खुर्चीपर्यंत गेले, डाव्या हाताने ती बाजूला सरकवली आणि त्या जागी ताठ उभे राहिले.

नसीरला आधी कळेना. मग कळलं तेव्हा तो बाकीच्यांकडे बघायला लागला.

"सर, पहारेकऱ्याला भाला असतो. जड आहे तो."

सरांनी काठी वर करून दाखवली.

"काकू, तुम्ही तरी सांगा," नसीर म्हणाला.

"मी घरी सांगून थकले," काकू म्हणाल्या. मग सरांकडे वळून म्हणाल्या, "अहो, सगळी सांगली तुम्हाला ओळखते. लोक म्हणतील, काय होता माणूस आणि काय झाला. कीव करतील तुमची."

सरांनी काठी भिंतीला टेकवली आणि डावा तळहात काकूंपुढे उघडा केला. लोकांची कीव लोकांपाशी. काकूंनी कपाळाला हात लावला, पण नसीरने दुसऱ्या दिवशी पत्र्याचं पातं रंगवून त्या काठीला बांधलं, आणि आमच्या नाटकाला पहारेकरी मिळाला.

सर एकही तालीम चुकवत नसत. त्यांचा प्रवेश शेवटी, पण ते सुरुवातीपासून हजर. माझं काही चुकलं की काठी आपटायची, बरोबर आलं की मान हलवायची. तोंडातून मात्र अवाक्षर नाही. तो एकुलता एक 'आपलं'सुद्धा ऐकू येईनासा झाला, तेव्हा आम्हाला वाटलं, तोही गेला. काकूंना विचारायचा धीर कुणालाच झाला नाही.

सांगलीला आमचा प्रयोग संध्याकाळी होता. रंगपटात मी वाक्यं पुटपुटत येरझारा घालत होतो. सरांनी जवळ येऊन माझ्या खांद्यावरचं वस्त्र डाव्या हाताने नीट केलं आणि आपल्या जागी जाऊन बसले. घामाने त्यांचा रंग ओघळत होता, काकू तो टिपून पुन्हा लावत होत्या आणि पुटपुटत होत्या, "ह्या वयात रोमला निघालेत."

नाटक चांगलं चाललं. प्रेक्षक ऐकत होते, खोकलासुद्धा दाबत होते. शेवटचा प्रवेश आला. नसीर दणदणत आत आला, त्याच्यामागून पहारेकरी पाय ओढत आला आणि दाराशी उभा राहिला. पायाचं ते ओढणं इतकं शोभलं की जणू लढाईत जखमी झालेला शिपाई.

"तुझं जे काही असेल ते उचल," नसीर गरजला, "आणि नीघ."

रोज तालमीत ह्या वाक्यानंतर माझं तोंड आपोआप उघडायचं. त्या दिवशी मी वाक्य घ्यायच्या आधी समोर बघितलं. काळोखात परीक्षकांच्या टेबलावरचे छोटे दिवे दिसत होते. त्यांतला एक परीक्षक काहीतरी लिहीत होता. माझ्याबद्दलच लिहीत असणार, असं मनात आलं. अभिनयाचं पदक, पेपरात नाव, दुकानात लावायला फोटो, असं बरंच काही त्या एका क्षणात येऊन गेलं, आणि ते गेलं तेव्हा डोकं धुतल्या पाटीसारखं कोरं होतं.

विंगेतून कुणीतरी कुजबुजत होतं, मला ऐकू येत नव्हतं. नसीरचे डोळे मोठे झाले. त्याने वाक्य पुन्हा म्हटलं. माझ्या कपाळावरून घाम नाकावर आला. आपल्या हातून सरांचं नाटक संपलं, त्यांच्या डोळ्यांदेखत संपलं, एवढंच मला कळत होतं.

काठी आपटल्याचा आवाज झाला. मी वळून बघितलं. पहारेकरी भिंतीचा आधार सोडून एक पाऊल पुढे आला होता. त्याचा जबडा हलत होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या.

"आपलं," तो म्हणाला.

स्पष्ट. सरळ. वर्गात मुलाला पाठ म्हणायला उठवावं, त्या सुरात.

"आपलं म्हणून काय उचलू?" मी म्हणालो, आणि पुढचं सगळं एकापाठोपाठ एक यायला लागलं. मात्र ते मी नसीरशी बोललोच नाही. सबंध बोलणं पहारेकऱ्याशी बोललो. परीक्षकांचे दिवे मला पुन्हा दिसले नाहीत. जिभेच्या ओळीशी आलो तेव्हा मी त्याच्याकडे एक पाऊल टाकलं. तालमीत तसं ठरलं नव्हतं. "ती जाताना मी कसा उभा राहतो, तेवढं मात्र आपलं," मी म्हणालो, आणि तो समोर उभा होता. एक बाजू पार लुळी, आणि तरीही ताठ. पडदा पडल्यावर टाळ्या सुरू झाल्या आणि बराच वेळ चालू राहिल्या.

"सर, पहारेकऱ्याला वाक्य नाही संहितेत," नसीर आत येऊन म्हणाला आणि त्यांच्या गळ्यात पडून रडायला लागला. धरणाचे दरवाजे पुन्हा उघडले.

परतताना गाडीत सर खिडकीशी डोकं टेकून झोपी गेले. मी काकूंच्या शेजारी होतो.

"नशीब, काकू," मी म्हणालो. "तेवढा एक शब्द त्यांच्यापाशी शिल्लक होता."

"शिल्लक कुठला?" काकू म्हणाल्या. "तो तर केव्हाच सुटला त्यांचा. दिवाळीपासून एकेक नवा येतोय. पाणी म्हणतात. खिडकी म्हणतात. गेल्या आठवड्यात कुमुद म्हणाले." त्या जरा थांबल्या. "म्हणजे कु म्हणाले, मग मुद. पण म्हणाले."

"मग तालमीत का नाही बोलले कधी? आम्हाला वाटलं..."

"मी म्हटलं ना त्यांना. पोरं जीव टाकतात तुमच्यावर, ऐकवा की एखादा शब्द. तर ह्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि भाला दाखवला. पहारेकरी मुका आहे म्हणे. काम म्हणजे काम." त्यांनी झोपलेल्या सरांच्या गळ्याभोवतीचा मफलर सारखा केला. "आणि 'आपलं' आता सहज येत नाही त्यांना. घरी दोनदा म्हणायला गेले, जमलं नाही. आज कुठून ओढून आणला, देव जाणे."

मी सरांचा भाला कऱ्हाडपर्यंत मांडीवर धरून बसलो.

एका वर्तमानपत्रात आलं की मुक्या पहारेकऱ्याच्या तोंडी ऐन वेळी एकच शब्द देण्याची लेखकाची कल्पना अभिनव आहे. निकालात मात्र आम्ही नव्हतो. नाटक अंतिम फेरीला गेलं नाही, पदकाच्या यादीत माझं नाव नव्हतं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेलो, तेव्हा कसं सांगावं हेच मनात घोळवत होतो. काकू फाटकाशी भाजी घेत होत्या.

"कळलंय त्यांना," त्या म्हणाल्या. "नसीरचा फोन आला होता सकाळी. तळहात उघडला आणि पोहे मागितले. बसलेत बघ."

सर ओसरीवर आपल्या जुन्या जागी बसले होते. मांडीवर पेपर. वाचता येत होतं की नाही कुणास ठाऊक, पण धरला होता सुलटा. त्यांना तसं निवांत बघून माझ्या मनातली जुळवाजुळव सगळी विस्कटली आणि तोंडातून निघून गेलं, "सर, आपलं सहज आलो होतो."

पेपर खाली आला. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. ओठ एका बाजूला ओढले गेले, जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. काकू भाजीची पिशवी घेऊन माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"आपलं?" सर म्हणाले. मग पुष्कळ वेळ गेला. गळ्याची घाटी वरखाली होत होती. "को... कोणाचं?"

काकूंच्या हातातली पिशवी खाली आली आणि लिंबं पायरीवरून घरंगळत गेली. कुणी ती उचलायला वाकलं नाही. मी त्याच पायरीवर उभा होतो, जिथे पहिल्या दिवशी मला उत्तर आलं नव्हतं.

"तुमचं, सर," मी म्हणालो.

सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी मान डोलावली, पेपराची घडी केली आणि सतरंजीवर मला बसायला जागा करून दिली.